पाळकांचा तिसरा राजीनामा

पाळकांनी राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि पोस्टमास्तरांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

मुद्दाम नाही. कमिटीच्या या चिटणिसांना पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. उभा जन्म कागदांवर शिक्के मारण्यात गेल्यामुळे समोर कागद आला की त्यावर काहीतरी टेकवायचं, ही त्यांच्या हाताची खोड होती. कप उचलला तेव्हा 'मला सेवेतून मुक्त करावे' या शब्दांभोवती चहाचं गोल कडं उमटलेलं होतं.

"विषय तिसरा," पोस्टमास्तर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "पाळकनिवासाचं गळकं छत."

"मास्तर, ते माझं पत्र आहे."

"वाचलं की. मागची दोनही वाचली. म्हणून तर छताचा विषय घेतलाय."

चर्चच्या मागच्या त्या लहानशा खोलीत सात माणसं टेबलाभोवती दाटीवाटीने बसली होती. भिंतीला गायनमंडळाचे झगे टांगलेले, कोपऱ्यात फाटक्या गीतपुस्तकांची चळत आणि मान मोडलेला पंखा. पाळकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे छताचा विचार करत होते. एकजण म्हणाला पत्रे बदलू, दुसरा म्हणाला डांबराचे दोन हात दिले तरी भागेल.

"आणि न्हाणीघराची कडीसुद्धा बसत नाही," ऑर्गनवाल्या मावशी म्हणाल्या. "मला वहिनींनी सांगितलंय."

"छत गळतं म्हणून मी जात नाहीये!" पाळकांचा आवाज चढला.

"मग कडीसाठी?"

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांनी डोळे मिटून एक ते पाच अंक मोजले. प्रवचनात सांगायला हा उपाय बरा वाटायचा, स्वतःवर चालत नव्हता.

"मला देवाचं पाचारण झालंय. मी कर्णबधिर लोकांमध्ये काम करायला जाणार आहे. त्याआधी एक वर्ष त्यांची भाषा शिकणार आहे. बिशपसाहेबांची परवानगी आलीये. हे सगळं त्या पत्रात आहे, आधीच्या दोन पत्रांतही होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझी शेवटची उपासना."

मग पोस्टमास्तर पुढे वाकले आणि एखाद्या रुसलेल्या जावयाशी बोलावं तसं समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाळकसाहेब, मनातलं सांगा ना. कुणी काही बोललं का तुम्हाला?"

पाळकांनी हात टेकले.

अकरा वर्षांपूर्वी ते या मंडळीत आले तेव्हा सगळे त्यांना बोलका पाळक म्हणायचे. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या आजोबांनाही दचकून बसायला लावणारा. शब्दांवर त्यांची हुकमत होती आणि तिचा त्यांना थोडा गर्वही होता, हे त्यांनी कबूल केलं असतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी एक शिंपी आणि त्याची बायको पहिल्या बाकावर येऊन बसले. पहिल्या बाकावर या चर्चमध्ये कुणीच बसत नसे, त्यामुळे सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. उपासना संपल्यावर शिंप्याने खिशातून मापं लिहायची वही काढली, पेन्सिलीने एक ओळ लिहिली आणि पाळकांच्या हातात दिली. 'दाढी काढाल का? ओठ दिसत नाहीत.'

पाळकांनी वीस वर्षांची दाढी दुसऱ्याच दिवशी उतरवली. मंडळीला दोन महिने दुसरा विषय नव्हता. ऑर्गनवाल्या मावशी म्हणाल्या, "उघडे पडल्यासारखे दिसता हो." पण पाळक मंगळवारची संध्याकाळ शिंप्याच्या दुकानात घालवू लागले. बँकेशेजारच्या त्या अरुंद दुकानात पुढे शिंप्याचं मशीन, मागे बायकोची काज-बटणांची खुर्ची. तिथे स्टुलावर बसून ते हातांनी बोलायला शिकले. पाणी, घर, भाऊ, उद्या, प्रार्थना. दीड-दोनशे खुणा जमल्या. रविवारी ते पहिल्या बाकाकडे बघत प्रवचनातले चार शब्द हातांनीही करू लागले, आणि मंडळीची मान ताठ झाली. पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "आमचे पाळक त्यांच्याशीसुद्धा बोलतात." खुद्द पाळकांनाही तसंच वाटायचं. तेच नडलं.

गेल्या वर्षी शिंप्याच्या बायकोला दिवस गेले, लग्नाच्या बाराव्या वर्षी. सातव्या महिन्यात एका दुपारी हॉस्पिटलमधून पाळकांना फोन आला. बाई अत्यवस्थ होती, आता सावरली आहे, पण बाळ गेलं. नवरा खाली औषधं आणायला गेलाय आणि बाई सारखी काहीतरी विचारते आहे, आम्हाला कळत नाही, कागदावर लिहायला तिचा हात चालत नाही. तुम्हाला त्यांची भाषा येते ना?

"येते," पाळक म्हणाले होते.

वॉर्डात ती उशीला टेकून बसली होती. एका हाताला सलाइन. पाळकांना बघताच तिने मोकळा हात दुसऱ्या हाताखाली धरून झुलवला. बाळ कुठे?

पाळकांना मरणाची खूण येत नव्हती. मंगळवारच्या त्या गप्पांत ती कधी लागलीच नव्हती. नर्स मागे उभी होती, घाई करत होती. आणि सव्वीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक कबरीपाशी 'प्रभूमध्ये झोपी गेले' म्हटलं होतं, त्या माणसाचे हात सवयीने वर गेले. त्यांनी बाळाची खूण केली आणि तळहात गालाला लावून मान कलती केली. बाळ झोपलंय.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती हसली. मलाही झोप येतेय, बाळ उठलं की मला उठवा, असं तिने सांगितलं. ते मात्र पाळकांना अगदी स्वच्छ कळलं. तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांना पाळक काही सांगू शकत नव्हते. ते तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले आणि तसेच थांबले. जागं करून सांगणार काय, आणि कशाने?

दहा मिनिटांनी शिंपी वर आला. त्याने बायकोचा शांत चेहरा पाहिला, मग नर्सचा, मग पाळकांचा. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. पुढचं सगळं त्यालाच करावं लागलं. पाळक कॉरिडॉरमध्ये उभे होते आणि आतून एक आवाज आला. तिचा आवाज त्यांनी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मंडळीला 'त्यांचं बाळ गेलं, प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढंच. बायकोलाही तेवढंच. त्यानंतर ती दोघं चर्चला आली नाहीत. पाळक दर रविवारी रिकाम्या पहिल्या बाकासमोर उभे राहून बोलत. आपलं बोलणं स्वतःच्याच कानाला पोकळ लागायचं, आणि लोक मात्र दाराशी हात हातात घेऊन म्हणायचे, "आज काय सुंदर बोललात!" तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

पाचारण म्हणायचं तर ते हे. आकाशातून कुणी हाक मारली नाही. दोन महिने झोप उडाली, तिसऱ्या महिन्यात त्यांनी दूरच्या शहरातल्या एका केंद्राला पत्र लिहिलं. तिथे ऐकू न येणारी माणसंच भाषा शिकवत. उत्तर आलं, 'जागा आहे. वयाची अट नाही. बोलायला बंदी आहे.'

बायकोला त्यांनी सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. हॉस्पिटलची गोष्टही त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितली. तिने ती मान खाली घालून ऐकली. बराच वेळ नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला.

"एवढं मोठं पोटात ठेवून बसलात आठ महिने," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापासून."

"तुला काय सांगणार होतो? लाज वाटत होती."

"बरं. लाज तुम्हाला वाटली, देवानं बोलावलं तुम्हाला, पत्र लिहिलंत तुम्ही. आणि बिऱ्हाड मी बांधायचं." तिने सालं कागदात गुंडाळली. "मागच्याच महिन्यात मला लॅबची मुख्य केलंय. सतरा वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, आता कुठे स्वतःची खुर्ची मिळाली. हे आठवतंय ना तुम्हाला?"

"आठवतंय."

"देवाला आठवतंय का, ते विचारा एकदा."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये राजीनामा दिला. तिचा पहिल्या झटक्यात मंजूर झाला, आणि त्यावरूनही ती आठवडाभर फुरंगटून होती.

इकडे पाळकांचा काही मंजूर होईना. मीटिंगनंतर दोनच दिवसांनी सकाळी सातला छतावर धडधड सुरू झाली. अकरा वर्षं ते ज्या पत्र्यांसाठी अर्ज करत होते, ते नवे कोरे पत्रे तीन कामगार वर चढवत होते. खाली पाळक पुस्तकं खोक्यांत भरत होते आणि वरून गंजाचा भुगा पुस्तकांवर पडत होता.

"अहो, बंद करा ते!" त्यांनी अंगणात जाऊन ओरडून सांगितलं. "आम्ही जाणार आहोत इथून!"

"मास्तर म्हणाले असंच म्हणाल तुम्ही," मिस्त्री वरून म्हणाला. "म्हणाले, लक्ष देऊ नका."

घरोघर जाऊन समजावावं म्हणून ते बाहेर पडले, तर तऱ्हाच निराळी. एका घरी कळलं, त्यांना शहरातल्या मोठ्या चर्चने ओढलंय आणि ते लाजून कर्णबधिरांचं नाव सांगताहेत. दुसऱ्या घरी कळलं, बिशपसाहेबांशी बिनसलंय. ऑर्गनवाल्या मावशींनी तर घसा दाखवून घ्या म्हणून मधाची बाटलीच हातात ठेवली. पाळक हातांनी बोलणार म्हणजे आवाज गेला असणार, असा त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता.

"मावशी, माझा घसा ठणठणीत आहे."

"तसं सगळेच म्हणतात. गरम पाण्यातून घ्या."

संध्याकाळी घरी परतताना त्यांच्या मनात आलं, एक जागा आहे जिथे आपल्याला काही पटवावं लागणार नाही. तिथे निदान आनंद होईल. ते बँकेशेजारच्या दुकानात गेले.

शिंपी मशीनवर वाकला होता. सावली पडल्यावर त्याने मान वर केली. हसला नाही, पण पायाने स्टूल पुढे सरकवलं. त्याची बायको मागे खुर्चीत शर्टाला बटणं लावत होती. तिने एकदा पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. तिची पाठ दिसत होती तोवर तिला काही सांगण्याचा मार्गच नव्हता. पाळकांना वाटलं, दार लोटून घेतलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

त्यांनी हातांनी, अडखळत, शिंप्याला सांगितलं. मी चर्च सोडतो. मी शिकायला जातो. तुमच्या लोकांसाठी. देव बोलावतो.

शिंप्याने कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि टेबलावरच्या काळ्या अस्तरावर लिहिलं. 'आम्ही बोलावलं नाही.'

पाळकांची कानशिलं तापली. एवढे मंगळवार, दाढी, छतावरचे पत्रे, बायकोची खुर्ची, सगळं एकदम डोक्यात उसळलं. यासाठी? त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "अहो पण मी—" आणि त्यांना जाणवलं की आपण तोंडाने बोलतोय. शिंपी शांतपणे त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याने अस्तर झटकलं, पुन्हा लिहिलं. 'पाळक नको. डॉक्टरकडे, कोर्टात, शाळेत बरोबर सांगणारा माणूस हवा. तुमची भाषा चार वर्षांच्या मुलाची आहे.'

"माहीत आहे," पाळकांनी खुणेने सांगितलं. "म्हणून जातो."

तेवढ्यात बाई वळली. पाळक केव्हापासून तिच्या नजरेत होते कोण जाणे. भिंतीवरच्या गिऱ्हाइकांच्या आरशातून तिने सगळं पाहिलं असावं. मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवून ती हळूहळू, एकेक खूण तोडत, लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. आधी शीक. देव मध्ये आणू नको. शीक.

तिने क्षमा केली नव्हती. पाळकांनी मागितलीही नाही, कारण क्षमेची खूण त्यांना येत होती, पण आपण ती नीट करू याची खात्री नव्हती. ते मान हलवून बाहेर पडले. मधाची बाटली स्टुलावरच राहिली.

शेवटच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. कमिटीने पत्र अजून 'विचाराधीन' ठेवलं होतं, त्यामुळे निरोप कसला याबद्दल लोकांतच एकमत नव्हतं. पाळकांनी लिहून आणलेलं प्रवचन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. मग त्यांनी हॉस्पिटलची गोष्ट सांगितली. जशी घडली तशी, एकही शब्द न सजवता. फोनवर 'येते' म्हणालो. हात गालाला लावले. ती हसली.

"तुम्ही मला सांगता की मी सुंदर बोलतो. त्या दिवशी एकच गोष्ट बोलायची होती, ती मी खोटी बोललो. म्हणून जातोय. छतासाठी नाही, घशासाठी नाही, मोठ्या चर्चसाठी नाही. आता हे कुणी मला परत विचारू नका."

असं चिडून बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले. ऑर्गनवाल्या मावशी रुमाल तोंडाशी धरून रडत होत्या. शेवटचं गीत सुरू करायचं त्या विसरल्या, मग लोकांनी ते ऑर्गनशिवायच, वरखाली सुरात म्हटलं.

पाळकांना वाटलं, सुटलो एकदाचा. पण मागच्या खोलीत झगा उतरवत असताना पोस्टमास्तर आत आले. त्यांनी दार लावून घेतलं. चेहरा लाल झाला होता.

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"तीनदा लिहिलं, मास्तर."

"पत्रात हे नव्हतं! पत्रात पाचारण होतं. पाचारण मी काय बघितलंय?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "तिकडे एका बाईला नीट सांगता आलं नाही म्हणून तुम्ही जाताय. जा. आणि इकडे माझी बायको सात महिने अंथरुणाला खिळलीये. दर गुरुवारी तुम्ही येता म्हणून बुधवारपासून केस विंचरून घ्यायला लागते. ती आता फार दिवसांची नाही. तिला कोण पोचवणार? तो नवा पोरगा, ज्याला तिचं नावही पाठ नसेल? तिनं कुणाला हाक मारायची?"

अकरा वर्षं पाळकांना या माणसाचा राग येत होता, त्याच्या विषय-क्रमांकांचा, त्याच्या कपांचा. आणि आता कळलं की तो पत्रं अडवून छत दुरुस्त करवत होता ते बायकोसाठी. तोसुद्धा एकदाही सरळ बोलला नव्हता.

"तुम्हीसुद्धा सांगितलं नाहीत, मास्तर."

"सांगून काय थांबला असतात?"

पाळकांनी खरं सांगितलं. "नाही."

"मग झालं तर." पोस्टमास्तरांनी खिशातून तिन्ही पत्रं काढली, तिथेच उभ्या उभ्या तिन्हींवर 'मंजूर' लिहून सही केली, तारीख घातली, आणि ती टेबलावर टाकून निघून गेले. हात मिळवला नाही. दोघांत जुळलेलं असं काही नव्हतंच, तरी पाळकांना ते फार लागलं.

नव्या शहरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. खाली लाँड्री होती, त्यामुळे फरशी सदा कोमट. बायकोला आठवड्यातले तीन दिवस एका लॅबमध्ये काम मिळालं, तेही नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. ती काही बोलत नसे, डबा भरताना झाकण मात्र जोरात लावी.

केंद्रात पाळकांच्या वर्गात अकरा जण होते, त्यांतले दहा त्यांच्या निम्म्या वयाचे. शिकवणारी बाई तिशीची, ठेंगणी, करड्या शिस्तीची. तिला जन्मतः ऐकू येत नव्हतं. ती पाळकांच्या बोटांना पेन्सिलीने टोचायची. अंगठा आत. कोपर खाली. आणि चेहरा! चेहरा दगडाचा का ठेवता? या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारतात, नकार गालांनी देतात, हे पाळकांना कळत होतं आणि वळत नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी गंभीर चेहरा कमावला होता, तो आता उतरेना. पहिल्या महिन्याच्या चाचणीत ते शेवटून पहिले आले. बाईने निकालाच्या कागदावर लिहिलं, 'फार बोलतात. हात ऐकत नाहीत.'

घरी आरशासमोर भुवया वरखाली करताना त्यांचं डोकं दुखून यायचं. गुरुवार आला की ते पोस्टमास्तरांना पत्र लिहायला बसत. दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. तिसरं लिहून ठेवलं, ते पाकिटातच राहिलं.

रविवारी दुपारी केंद्राच्या हॉलमध्ये कर्णबधिर मंडळी जमत. प्रार्थना थोडी, गप्पा फार. पाळकांना आधी वाटलं होतं, आपण इथे हळूहळू काही सांगू लागू. पहिल्या दिवशी त्यांनी मदत म्हणून खुर्च्या रांगेत लावल्या, तर येणाऱ्या प्रत्येकाने आपापली खुर्ची उचलून गोलात नेली. रांगेत बसलं तर एकमेकांचे हात दिसणार कसे? कुणी त्यांना काही म्हटलं नाही. त्याचाच जास्त राग आला. दोन तास ते मध्ये बसून राहिले. चाळीस हात एकदम हलत होते, माणसं हसत होती, टेबलावर थापा मारत होती, आणि त्यांच्या पदरी 'बस', 'काल' आणि 'भाऊ' एवढे तीन शब्द पडले.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी बायको बरोबर आली. लाँड्रीचा धूर झाला होता, घरात बसवत नव्हतं, एवढंच कारण. ती गोलाच्या कडेला एका म्हाताऱ्या सुताराशेजारी बसली. त्याला एका हाताची दोनच बोटं शाबूत होती, तरी त्याच्याइतकं भरभर कुणी बोलत नव्हतं. पाळक पलीकडे बसून दात-ओठ खात एका मुलीची लांबलचक हकीकत समजून घ्यायचा प्रयत्न करत होते.

थोड्या वेळाने त्यांनी पाहिलं तर बायको हसत होती. तोंडावर हात वगैरे नाही, मोकळं हसू. तिच्या भुवया वर गेल्या, तिने दोन्ही हातांनी काहीतरी विचारलं. चुकीचं असावं, कारण सुताराने तिची बोटं धरून सरळ केली. तिने पुन्हा केलं. सुतार मान डोलावत पुढे सांगू लागला. सतरा वर्षं सुया आणि काचपट्ट्या हाताळणाऱ्या तिच्या बोटांना सांगावं तसं वळता येत होतं. आणि तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, त्यामुळे तिचं काही अडून राहिलं नव्हतं.

पाळकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना चक्क मत्सर वाटला. आपल्याच बायकोचा, भर सभेत.

बाहेर पडल्यावर ते फुटपाथवर थांबले.

"काय सांगत होता तो?"

"विनोद."

"कसला?"

"म्हणाला, बायकोशी भांडण फार वाढलं की मी उठतो आणि दिवा बंद करतो."

पाळकांनी वाट पाहिली. "पुढे?"

"पुढे काही नाही. दिवा बंद केला की भांडण बंद."

"एवढंच? एवढ्यासाठी तू एवढी हसलीस?"

"तो सांगतो तसं बघायला हवं होतं," ती म्हणाली. "त्याची बायको अंधारात त्याच्या पाठीत गुद्दे घालते, ते त्याने करून दाखवलं."

पाळक चालू लागले. रस्ता ओलांडताना त्यांनी तिला विचारलं, "अंधाराची खूण कशी केली त्याने? मला दाखव."

तिने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि दाखवली. त्यांनी करून पाहिली. पिशवी अडकल्यामुळे हात नीट फिरेना.

"अहो, अंगठा आत घ्या," ती म्हणाली.